गाडी विकून टाकली!

मराठीत ‘टाकणे’ हे मोठे सोयीचे क्रियापद आहे. पत्र लिहून टाकावे, बिल भरून टाकावे, माळा आवरून टाकावा. मूळ क्रियापदाच्या शेपटीला ‘टाकणे’ लागले, की काम संपले, जबाबदारी संपली, हात झटकून आपण मोकळे झालो, असा सगळा अर्थ त्यात आपोआप येऊन बसतो. संयुक्त क्रियापदे शिकवताना मी वर्गात हे उदाहरण वर्षानुवर्षे देत आलो आहे. परंतु या एका सहायक क्रियापदाच्या भरवशावर राहिलेला सज्जन माणूस कोर्टाची पायरी चढू शकतो, हे ज्ञान मला व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकाने दिले नव्हते. ते दिले जुन्या मोटारींच्या बाजाराने. ‘गाडी विकून टाकली’ हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते पुष्कळदा निखालस खोटे असते.

या सदराचे नेहमीचे वाचक म्हणतील, मास्तर यंदा व्याकरण सोडून गॅरेजात कुठे शिरले? याला भूगोल कारणीभूत आहे. मी राहतो पेणला आणि शिकवतो रोह्याला. दिवा-रोहा गाडी आहे, एस.टी. आहे, पण कॉलेजचे वेळापत्रक, रेल्वेचे वेळापत्रक आणि एस.टी.चे वेळापत्रक हे तीन स्वतंत्र ग्रंथ असून एकाही ग्रंथकाराने दुसऱ्याचे वाचलेले नाही. त्यामुळे आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत कादंबरीपेक्षा मोटारीची चर्चा अधिक रंगते. त्यातही आमचा पगार आणि नव्या मोटारीची किंमत यांच्यामध्ये मुलांच्या फिया आणि घराचे हप्ते उभे असतात. तेव्हा ‘सेकंडहँड’ हाच आमचा राजमार्ग.

शिवाय मोटारींच्या बाबतीत पेण हे काही साधेसुधे गाव नव्हे. रायगड जिल्ह्याचे ठाणे अलिबाग; पण मोटारींचे माहेर पेण. ‘एम.एच. ०६’ ही अक्षरे ज्या परिवहन कार्यालयाकडून गाडीच्या कपाळी लागतात, ते आमच्या पेणला आहे. (पनवेलकरांचे ‘४६’ वेगळे. त्यांनी वेगळी चूल मांडली आहे.) त्यामुळे इतर गावांत चहाच्या टेबलावर जसे राजकारण चालते, तसे आमच्याकडे ‘नमुना एकोणतीस’, ‘नमुना तीस’, ‘एच.पी. उतरली का?’ आणि ‘पेन्सिल प्रिंट घेतली का?’ हे चालते. कानावर इतके पडल्यावर माझ्यासारख्या शब्दवेड्या माणसाने त्यात लक्ष घालू नये, हे कसे व्हावे?

प्रथम माझे लक्ष गेले ते जाहिरातींकडे. जुन्या मोटारींच्या जाहिरातींत मराठी साहित्यशास्त्रातले बहुतेक अलंकार जिवंत आहेत. ‘शोरूम कंडिशन’ ही अतिशयोक्ती. ‘डॉक्टरांनी वापरलेली’ यात लक्षणा आहे. म्हणजे गाडीची प्रकृती उत्तम असणार, असे आपण आपल्या मनानेच समजून घ्यायचे. ‘एकहाती वापर’ असे म्हणावे, आणि कागद पाहावेत तर तिथे तीन हातांचे ठसे. ‘पेपर ऑल क्लिअर’ हे तर ब्रीदवाक्यच. ते उच्चारले म्हणजे पेपर दाखवण्याची गरज उरत नाही, अशी विक्रेत्यांची श्रद्धा असते. हल्ली ‘जुनी’ हा शब्दही कोणी वापरीत नाही. ‘प्री-ओन्ड’ म्हणतात. म्हातारपणाला ‘ज्येष्ठ नागरिकत्व’ म्हटल्याने गुडघे दुखायचे थांबत नाहीत, तसेच हेही.

पण सगळे विक्रेते लबाड असतात, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. महामार्गाच्या कडेला पताका लावून चोख धंदा करणारी माणसेही मी पाहिली आहेत. अडचण माणसांच्या स्वभावापेक्षा या बाजाराच्या घडणीत अधिक आहे. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली याच विषयावर एक लहानसा लेख लिहिला. तो आधी तीन नियतकालिकांकडून परत आला होता (साभार परत आलेल्या समस्त लेखकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी) आणि पुढे २००१ साली त्याच कामासाठी लेखकाला, आणखी दोघांसह, अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लेखाचे म्हणणे असे : गाडीत काय दोष आहे ते विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा धास्तीने मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक आपली गाडी विकायला काढीत नाही आणि वाईट गाडीचा मालक आनंदाने काढतो. असे होता होता बाजारात वाईट गाड्यांचीच भरती होते. अमेरिकेत अशा दगा देणाऱ्या गाडीला ‘लेमन’ म्हणतात, म्हणजे लिंबू. गंमत पाहा, तिकडे वाईट गाडीला लिंबू म्हणतात आणि इकडे चांगल्या गाडीला आपण लिंबू बांधतो! त्या लेखाचे सार एवढेच, की या बाजारात खरा तुटवडा गाड्यांचा नसून खऱ्या माहितीचा आहे. म्हणून घेणाऱ्याने पैसे मोजण्याआधी माहिती मोजून घ्यावी.

ही माहिती काढण्याचा एक धडा मला मिळाला तो आमच्या पेणच्या एका मूर्तिकाराकडून. आमच्या गावाचे आणि हमरापूर-जोहे परिसराचे गणपती कुठे कुठे जातात हे वाचकांना सांगायला नको. हे गृहस्थ आमच्या आळीतले. तीस वर्षे रंगाचे काम करीत आलेले. गेल्या वर्षी मी एक गाडी पाहायला निघालो, तेव्हा त्यांना सहज म्हटले, “चला, भाऊ, सोबतीला.” विक्रेत्याच्या आवारात पांढरी गाडी उभी होती, दुधासारखी. मला ती आवडली. सौ.ला तर फारच आवडली. भाऊ मात्र एका दारापाशी उकिडवे बसले, दोन दारांमधल्या फटीकडे डोळे बारीक करून पाहू लागले आणि मग उठून हळूच म्हणाले, “सर, हा रंग दोन हातांचा आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे, पुढचं दार कारखान्यात रंगलंय आणि मागचं नंतर. पांढरा काही एक नसतो, सर. हे बघा, रबरावर शिंतोडे उडालेत.” मग त्यांनी बोटाने दारावर टिचकी मारली, पुढच्या दाराचा आवाज पत्र्याचा आला, मागच्याचा भरीव. “लांबी भरलीय आत. शाडू की प्लास्टर हे आम्ही रंगावरनं नाही ओळखत, उचलून नि वाजवून ओळखतो.” बॉनेट उघडल्यावर त्यांनी नटांचे कोपरे दाखवले, पान्याने खरवडलेले होते. विक्रेता म्हणाला, “किरकोळ टचअप आहे, सर.” असेलही. पण जो टचअप विचारल्यावाचून सांगितला जात नाही, तो किरकोळ नसतो, इतकी समज मला आहे. आम्ही चहा घेऊन परत आलो.

तेव्हापासून मी ओळखीच्यांना सांगत आलो आहे, की गाडी घेताना दोन माणसे बरोबर न्या : एक आपल्या विश्वासाचा मेकॅनिक आणि दुसरा, सापडला तर, रंगारी. फ्रीजवर चिकटवायचे लहानसे चुंबक रुमालात गुंडाळून न्या. पत्र्यावर ते धरते, लांबीवर धरत नाही. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहा. आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपले दुखणे लपवते. आपल्या कोकणात तर दोन शत्रू अधिक : खारा वारा आणि पूर. दाराच्या खालच्या कडा, पायदानाखालचा पत्रा, मागच्या सुट्या चाकाची खोबण, ही गंजाची आवडती घरे. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा माणसांबरोबर मोटारीही बुडाल्या. अशी बुडालेली गाडी धुऊनपुसून दूरच्या गावी विकायला उभी केली, तर वरून काही कळत नाही. अशा वेळी सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहा. वरचा हातभर सगळेच धुतात. आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ राहून जाते. चटई उचलून वास घ्या. अत्तराचा फार घमघमाट असेल, तर अधिक सावध व्हा.

मीटरवरच्या किलोमीटरांवर श्रद्धा ठेवू नका. मीटर मागे फिरवता येतो. पूर्वी हाताने, आता यंत्राने. गाडी ज्या अधिकृत वर्कशॉपमध्ये जात असे, तिथल्या सर्व्हिसच्या नोंदी मागा. पायातली रबरे झिजून गुळगुळीत झाली आहेत आणि मीटर मात्र पंचवीस हजार सांगतो आहे, अशा वेळी खरे कोण बोलते आहे, ते रबराला विचारा.

पत्र्यानंतर कागद. आर.सी.वरचा चेसिस नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर, दोन्ही आपल्या डोळ्यांनी अक्षरशः ताडून पाहा. केंद्र सरकारच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर वाहनाची माहिती दिसते. गाडी कितव्या मालकाची, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे की नाही. कर्ज असेल, तर बँकेचे कर्जमुक्तीचे पत्र आणि नमुना ३५ हाती आल्याशिवाय ‘फेडलं की हो केव्हाच!’ या उद्गारावर पुढे जाऊ नका. ई-चलानाचे थकलेले दंड तपासा. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली असेल, तर तिला नवी सुरक्षा नंबरपाटी बसली आहे का ते पाहा. नाहीतर नाव बदलायला गेल्यावर ते काम आधी निघते. परराज्यातली गाडी असेल, तर तिथल्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला आणि इथला कर हा खर्च किमतीत धरा. स्वस्तात मिळाली म्हणून आणलेली गाडी दारात येईपर्यंत महाग होते.

विम्याचेही असेच. गाडीबरोबर विमा आपोआप येतो, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. तिऱ्हाइताला इजा झाली तर भरपाई देणारा भाग मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे नव्या मालकाकडे येतो. पण आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणारा भाग विमा कंपनीकडे आपले नाव लागल्याशिवाय आपला होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच तसे स्पष्ट केले आहे. त्यासाठी चौदा दिवसांच्या आत कंपनीला कळवावे लागते. आणि ‘नो क्लेम बोनस’ ही गाडीची नव्हे, माणसाची मिळकत. ती विकणाऱ्याने आपल्याबरोबर न्यावी. घेणाऱ्याने तिच्यावर डोळा ठेवू नये.

पैशांच्या बाबतीत एकच सांगतो. रोख देऊ नका. बँकेतून द्या आणि विसाराच्या पावतीवर गाडीचा नंबर, ठरलेली पूर्ण किंमत आणि सौदा मोडला तर विसार परत मिळेल की नाही, हे लिहून घ्या. जी.एस.टी.च्या नावाने वरकड रक्कम मागितली, तर बिल मागा. डिसेंबर २०२४ च्या परिषदेत ठरल्याप्रमाणे जुन्या गाडीवरचा हा १८ टक्के कर नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे, गाडीच्या सबंध किमतीवर नाही. आणि घरगुती माणूस आपली गाडी विकतो त्याला तो मुळी लागूच नाही.

इथवर मी घेणाऱ्याची बाजू सांगितली, कारण सगळे तीच विचारतात. विकणाऱ्याला सावध राहायला कोणी सांगत नाही. त्याला वाटते, माझे काय जाणार? गाडी गेली, पैसे आले. पण घेणारा फसला, तर निदान एक खटारा तरी त्याच्या पदरात पडतो. विकणारा फसला, तर पदरात गाडी नसते आणि डोक्यावर मात्र गाडी असते.

रोह्याचे एक निवृत्त शिक्षक माझ्या परिचयाचे आहेत. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते. आपणही तेवढेच म्हणू. गेल्या वर्षी एके दिवशी ते कॉलेजात मला शोधीत आले. हातात एक लांबट लिफाफा. म्हणाले, “सर, तुम्ही मराठीचे. या कागदातलं मराठी मला समजावून सांगा. यात मला ‘सामनेवाला क्रमांक दोन’ म्हटलं आहे. मी कुणाच्या सामने गेलो हो?”

तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा समन्स होता. गुरुजींची एक लहान मोटार होती. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा, २०२१ च्या दिवाळीत, त्यांनी ती एका विक्रेत्याला देऊन टाकली. (पुन्हा ते क्रियापद पाहा!) माणूस गोड होता. त्याच संध्याकाळी पैसे खात्यात जमा झाले. गुरुजींनी नमुना २९ आणि ३० वर, दाखवील तिथे, सह्या केल्या. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती. “गिऱ्हाईक लागलं की आम्ही भरतो, गुरुजी, तुम्ही काळजी सोडा,” असे तो म्हणाला. चाळीस वर्षे मुलांना ‘कोऱ्या कागदावर सही करू नये’ असे शिकवलेल्या माणसाने अशी सही कशी केली, असे मी विचारले नाही. त्यांच्या चेहऱ्यावर तो प्रश्न आधीच लिहिलेला होता.

ती गाडी पुढे कोणी घेतली, त्याने कोणाला दिली, ते देव जाणे. आर.सी.वर नाव गुरुजींचेच राहिले. विमा कोणी भरला नाही. ती मुदत संपली. आणि एके रात्री पाली रस्त्यावर तिने एका मोटारसायकलवाल्या तरुणाला उडवले. त्याचा पाय मोडला, नोकरी गेली. चालवणारा कोणी तरी तिसराच. पण सरकारी नोंदीत मालक कोण? गुरुजी. विमा नाही, तर भरपाई कोणाकडे मागायची? गुरुजींकडे. ते विक्रेत्याच्या जागेवर जाऊन आले. तिथे आता फरशांचे दुकान आहे.

गुरुजींना वाटत होते, कोर्टात जाऊन ‘गाडी मी केव्हाच विकली’ एवढे सांगितले की झाले. मलाही त्यांना तसे सांगायला आवडले असते. परंतु कायद्यात मालकाची व्याख्याच अशी आहे, की ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले, तो मालक. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपुढे नेमके असेच प्रकरण आले होते. गाडी पहिल्या मालकाने २००७ साली विकलेली. त्यानंतर आणखी तीनदा हात बदललेली. अपघात २००९ मधला. आणि नोंदणी मात्र पहिल्याच नावावर. उच्च न्यायालयाने शेवटच्या काही व्यवहारांकडे पाहून निराळा निर्णय दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि जबाबदारी नोंदणीतल्या मालकावर ठेवली.

पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हा न्याय फार कठोर वाटला. पण त्या तरुणाच्या बाजूने विचार करून पाहिला. पाय प्लास्टरमध्ये घेऊन त्याने काय गाडीच्या चार-पाच मालकांच्या मागे, कोऱ्या फॉर्मांच्या जंगलात, हिंडत राहायचे? न्यायालयाने तेच म्हटले आहे : अपघातात सापडलेल्याला अशा नोंद न झालेल्या व्यवहारांची साखळी उलगडत बसायला लावता येणार नाही. त्याला एक नाव हवे, आणि सरकारी दप्तरात एकच नाव असते. हे बरोबर आहे. बरोबर आहे म्हणूनच ते नाव आपले राहू नये, याची काळजी आपण घ्यायला हवी. व्याकरणात ‘कोणाची?’ या प्रश्नाला षष्ठी विभक्ती उत्तर देते. आपण तोंडाने गाडीची षष्ठी कितीही बदलली, तरी परिवहन कार्यालयाच्या नोंदीतली षष्ठी जोवर बदलत नाही, तोवर गाडी ‘गुरुजींची’च.

मग विक्रेते असे कोरे फॉर्म का ठेवून घेतात? त्यात त्यांचे गणित असते. गाडी आधी स्वतःच्या नावावर केली, तर शुल्क लागते, आणि शिवाय एक मालक वाढला म्हणून किंमत उतरते. म्हणून गाडी मधल्यामध्ये कोणाचीच नसलेली बरी. या त्रिशंकू अवस्थेवर सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नवे नियम काढून इलाज केला. १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. त्यांप्रमाणे जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने परिवहन खात्याकडून पाच वर्षांचे अधिकारपत्र घ्यायचे असते. ते नमुना २९-बी मध्ये असते. तुम्ही गाडी त्याच्या ताब्यात दिली, की दोघांनी मिळून नमुना २९-सी मध्ये ऑनलाइन सूचना द्यायची. ती दिली, की त्या क्षणापासून विक्रेता हाच गाडीचा मालक मानला जातो. कागदपत्रे, अपघात, सारे त्याच्या माथी. तो गाडी केवळ गिऱ्हाइकाला दाखवायला, चालवून पाहायला, तपासणीला किंवा दुरुस्तीला रस्त्यावर काढू शकतो, आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागते. इतकी चांगली तरतूद असून ती फार थोड्या घरांत माहीत आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

तेव्हा गाडी विकायची झाल्यास, वाचकहो, एवढे करा. विक्रेत्याला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. “अधिकारपत्र दाखवा” म्हणा. चांगला विक्रेता रागावत नाही. तो ते भिंतीवर टांगून ठेवतो. दुसरा प्रश्न : “तुम्ही गाडी विकत घेणार, की नुसती गिऱ्हाइकासाठी ठेवून घेणार?” या दोन गोष्टी निराळ्या आहेत, त्या तोंडी राहिल्या, की पुढे भांडण होते. २९-सी ची सूचना आपल्यासमोर जावी आणि तिची पोच आपल्याजवळ राहावी. अधिकारपत्र नसेल, तर गाडी सरळ घेणाऱ्याच्याच नावावर होऊ द्या. फॉर्मवर त्याचे नाव, पत्ता, तारीख भरल्याशिवाय सही करू नका. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. घेणाऱ्याला तीस दिवस आहेत. त्याच्या तीस दिवसांवर विसंबून आपले चौदा दिवस घालवू नका.

गाडी देताना ताब्याची पावती घ्या, आणि तिच्यावर तारखेबरोबर वेळही लिहा. पाच वाजता गाडी दिली आणि सहा वाजता तिने कुणाला धडक दिली, तर तो एक तास फार महाग असतो. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा. फास्टॅग बंद करा. वाहनाच्या नोंदीतला मोबाइल नंबर नाव बदलेपर्यंत चालू ठेवा. दुसऱ्याच्या दंडाचे संदेश त्यावरच येतात, आणि तीच धोक्याची पहिली घंटा असते. हल्ली कोऱ्या कागदावरच्या सहीची जागा ओ.टी.पी.ने घेतली आहे. तो सहा आकडी नंबर म्हणजे आपली सहीच. फोनवर कोणी मागितला म्हणून सांगू नये. मोबाइलवरून घरबसल्या गाडी घेणाऱ्या कंपन्यांनाही हे सगळे लागू. पडद्यावर दिसते ती किंमत आणि तपासनीस येऊन गेल्यावर उरते ती किंमत, यांत जे अंतर पडते, त्यावर मी स्वतंत्र निबंध लिहीन. आणि महिन्याभराने ‘परिवहन’वर जाऊन आपला जुना नंबर घालून पाहा. तिथे दुसऱ्याचे नाव दिसले, की त्या दिवशी म्हणा, विकून टाकली!

ओळखीवर जाऊ नका, हे सांगताना मला संकोच वाटतो, कारण आपली लहान गावे ओळखीवरच चालतात. पण पेणकरांना हे अधिक कोणी सांगावे? २०१० साली पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचे व्यवहार थांबले, तेव्हा ज्यांच्या ठेवी अडकल्या त्यांतल्या कितीतरी जणांनी त्या ‘आपली माणसे’ म्हणूनच ठेवल्या होत्या. ओळख ही सुरुवातीला उपयोगी; शेवटी कागदच लागतो. ज्यांचे बालपण रोह्यात गेले ते चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांची सही नोटेवर उमटली म्हणून त्या कागदाला मोल आले. सहीचे सामर्थ्य याहून निराळे काय सांगावे? आपली सही नोटेवर नसली, तरी नमुना २९ वर असते, आणि तिच्याही पोटी एक वचन असतेच. ते कोणाला देतो आहोत, ते पाहून द्यावे.

गुरुजींचा दावा अजून चालू आहे. तारखेला ते अलिबागला जातात, एस.टी.ने. वकिलांनी त्यांना पहिल्या भेटीत एकच विचारले, “ताब्याची पावती आहे का?” बँकेच्या पासबुकातली एक ओळ तेवढी त्यांच्याजवळ आहे, ती त्यांनी पुढे केली आहे. पुढे निकाल काय लागेल, तो लागो. मागच्या खेपेला कोर्टाच्या व्हरांड्यात तो तरुण कुबडी घेऊन बसला होता. गुरुजी त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांनी त्याच्या पायाची चौकशी केली. तो म्हणाला, “गुरुजी, तुमच्यावर राग नाही माझा. पण दुसरं कुणाचं नावच नाही ना कागदावर!”

पाडवा आता तोंडावर आला. मुहूर्तावर गाडी दारी यावी, असे पुष्कळ घरांना वाटत असेल, आणि विक्रेतेही “पाडव्यापर्यंतच हा भाव, सर” म्हणत असतील. वाटू द्या, म्हणू द्या. साडेतीन मुहूर्त दर वर्षी येतात. ज्या दिवशी व्यापारी आपल्या वह्यांची पूजा करतात, त्या दिवशी आपणही गाडीला हार घालण्याआधी तिचा कागद एकदा दिव्यासमोर धरून नीट वाचावा. घेतलेल्या गाडीवर आपले नाव आहे ना, आणि विकलेल्या गाडीवर आपले नाव नाही ना, एवढेच पाहायचे आहे. बाकी लिंबू-मिरची बांधायला माझी काही हरकत नाही.